फ्रिज गेला, हप्ता राहिला

पैसापाणी

गाडीचा विमा आपण काढतो, कारण काढावाच लागतो. मोबाइलच्या स्क्रीनचा काढतो, कारण दुकानातला मुलगा गळ्यातच मारतो. चार दिवस बँकॉकला गेलो तर बॅगेचाही काढतो. आणि घरातल्या सगळ्या सामानाचा? ‘छे हो, आमच्याकडे आहेच काय एवढं!’ हे वाक्य ज्यांनी ज्यांनी आत्ता मनात म्हटलं, त्यांनी पान उलटू नये. आजचा कॉलम तुमच्यासाठीच आहे.

माझ्या ओळखीचं एक जोडपं आहे. दोघंही आयटीत, लग्नाला दोन वर्षं झालेली, सिंहगड रोडला तळमजल्यावर भाड्याचा वन बीएचके. घर छोटं, पण हौशीनं सजवलेलं. सोफा दिवाळी सेलमधला, टीव्ही बोनसचा आणि डबल डोअर फ्रिज ‘नो कॉस्ट ईएमआय’वर. २५ जुलै २०२४ च्या पहाटे वॉचमनकाका दार बडवायला लागले. तो उठून पलंगावरून उतरला, तर पाय थेट पाण्यात. रात्रभर पाऊस कोसळत होता, खडकवासल्यातून सोडलेलं पाणी वाढलं होतं आणि एकतानगरीच्या बाजूला नदी सोसायट्यांमध्ये शिरली होती. दोघांनी लॅपटॉप, कागदपत्रांची फाइल आणि लग्नाचा अल्बम उचलला आणि तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंकडे धाव घेतली. दुपारी जिन्यातून डोकावून बघितलं तर फ्रिज आडवा होऊन तरंगत होता.

संध्याकाळी घरमालकांचा फोन आला. ‘अरे, तुम्ही दोघं ठीक आहात ना? बाकी काळजी करू नका, घराचा विमा आहे माझा.’ केवढा धीर आला दोघांना! पुढच्या आठवड्यात काकांनी पॉलिसी काढून दाखवली. विमा होता, पण भिंतींचा, फरशीचा, दारं-खिडक्यांचा. म्हणजे इमारतीचा. भाडेकरूच्या सामानाचा त्यात एक चमचासुद्धा नव्हता. काकांनी फसवलं नव्हतं, त्यांना स्वतःलाच ते माहीत नव्हतं.

चिखलानं भरलेल्या फ्रिजचे भंगारवाल्यानं सहाशे रुपये दिले. महिना बदलला आणि मोबाइलवर मेसेज आला, ईएमआयचे अडीच हजार खात्यातून गेले. असे अजून चौदा हप्ते बाकी होते. मैत्रीण मला म्हणाली, ‘सोफा गेला, गादी गेली, ते मी सोसलं गं. पण दर महिन्याला तो मेसेज आला की रडू येतं. नसलेल्या फ्रिजचे पैसे भरतोय आम्ही.’

पूर काही सांगून येत नाही आणि तो दुसऱ्यांच्याच शहरात येतो असंही नाही. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा मुंबईतल्या तळमजल्यांनी हेच पाहिलं. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूर, त्याच वर्षी २५ सप्टेंबरच्या रात्री पुण्यात आंबिल ओढ्याचा काठ, २२ जुलै २०२१ ला चिपळूण. प्रत्येक वेळी माणसं वाचल्यावरचा पुढचा प्रश्न एकच, आता घर उभं कसं करायचं?

विमा नक्की कशाचा?

घराच्या विम्याचे दोन भाग असतात. एक इमारतीचा, म्हणजे बांधकामाचा. दुसरा घरातल्या सामानाचा. इंग्रजीत त्याला ‘होम कंटेंट्स’ म्हणतात. साधा फंडा लक्षात ठेवा. घर उचलून उलटं केलं तर जे जे खाली पडेल, ते सामान. जे चिकटून राहील, ती इमारत. (भिंतीवरचा एसी नियमाला अपवाद, तो सामानातच धरतात.)

विम्याचं क्षेत्र ज्यांच्या देखरेखीखाली आहे त्या आयआरडीएआयनं १ एप्रिल २०२१ पासून ‘भारत गृह रक्षा’ नावाची प्रमाणित पॉलिसी आणली. हे फार बरं झालं. कारण कंपनी कुठलीही घ्या, मूळ पॉलिसीतला मजकूर तोच. आग, वीज पडणं, भूकंप, वादळ, पूर, दरड कोसळणं, दंगल, दहशतवादी हल्ला, पाण्याची टाकी किंवा पाइप फुटणं, हे सगळं त्यात येतं. यातली एखादी आपत्ती आली आणि त्या गोंधळात सात दिवसांच्या आत कुणी सामान पळवलं, तर तेही येतं.

या पॉलिसीखाली तुम्हाला फक्त इमारतीचा, फक्त सामानाचा किंवा दोन्हींचा विमा घेता येतो. म्हणजे भाडेकरूला ‘माझं घर नाही तर मी विमा कसा काढू’ ही सबबच उरत नाही. माझ्या मैत्रिणीला हे तेव्हा माहीत असतं, तर चौदा हप्त्यांचं दुःख झालं नसतं.

‘पण आम्ही तर सातव्या मजल्यावर राहतो, आमच्याकडे कुठला पूर?’ बरोबर आहे, पूर नाही येणार. पण आठव्या मजल्यावरच्यांच्या बाथरूममधला पाइप फुटला तर पाणी तुमच्याच टीव्हीवर येणार. आणि आगीला तर लिफ्टही लागत नाही.

आधी यादी, मग कोटेशन

सगळ्यात मोठी चूक म्हणजे अंदाजानं रक्कम टाकणं. मी त्या दोघांना विचारलं, ‘एकूण सामान कितीचं असेल?’ तो म्हणाला, ‘असेल दोन-अडीच लाखांचं.’ मग एका रविवारी आम्ही तिघं चहा घेऊन बसलो आणि तेच सामान आज नवं घ्यायचं तर किती लागतील, असं एकेक लिहीत गेलो.

फ्रिज ४५,०००
वॉशिंग मशीन २८,०००
टीव्ही ४५,०००
एसी ४०,०००
सोफा ४०,०००
पलंग, गादी, कपाटं ७५,०००
मायक्रोवेव्ह, मिक्सर, शेगडी, वॉटर प्युरिफायर ४०,०००
भांडीकुंडी, डबे, कुकर ३०,०००
दोघांचे कपडे, चपला-बूट १,२०,०००
स्वतःचा लॅपटॉप ६०,०००
पुस्तकं, सायकल, गिटार २५,०००
पडदे, पंखे, इन्व्हर्टर ३२,०००

बेरीज झाली ५ लाख ८० हजार. अडीच लाख म्हणणारा नवरा गप्पच झाला. कपड्यांचा आकडा ऐकून तर त्यानं बायकोकडे बघितलं. बायकोनं त्याच्या सात जोडी स्निकर्सकडे बोट दाखवलं. विषय संपला.

या यादीत दोन गोष्टी मुद्दाम नाहीत. एक, ऑफिसचा लॅपटॉप. तो तुमचा नाही, कंपनीचा आहे. त्याचा विमा आहे का आणि घरी नुकसान झालं तर भरपाई कोण करणार, हे एचआरला एक मेल टाकून विचारून ठेवा. दुसरी गोष्ट दागिने. त्याकडे येतेच.

पैसे कुठे वाचतात?

आता मुख्य मुद्दा. विमा घ्यायचा, पण उगाच जास्त पैसे द्यायचे नाहीत. त्यासाठी या काही युक्त्या.

१. जे आधीच आहे ते दुसऱ्यांदा विकत घेऊ नका. तुम्ही गृहकर्ज घेतलंय? मग कर्जाच्या वेळी सह्या केलेल्या ढिगात विम्याचा एखादा कागद नक्की असेल. तो शोधा. तो तुमच्या आयुष्याचा विमा आहे की घराचा, ते आधी बघा. बऱ्याच जणांना दोन्हींतला फरकच ठाऊक नसतो! घराचा असेल आणि ‘भारत गृह रक्षा’ असेल, तर एक छान गोष्ट आहे. इमारतीच्या विमा रकमेच्या २० टक्के इतकं सर्वसाधारण सामानाचं संरक्षण त्यात आपोआप मिळतं, जास्तीत जास्त १० लाखांपर्यंत. त्यासाठी वेगळी यादीही द्यावी लागत नाही. सामान त्याहून जास्त असेल, तर तपशील देऊन वरची रक्कम वाढवून घ्यायची.

२. फ्लॅटची किंमत आणि बांधकामाची किंमत यांची गल्लत करू नका. तुमचा फ्लॅट ९० लाखांचा असेल, पण त्यातली मोठी रक्कम जागेची, लोकेशनची, बिल्डरच्या नफ्याची आहे. जमीन जळत नाही. विमा लागतो तो पुन्हा बांधायच्या खर्चाचा. म्हणजे कार्पेट एरिया गुणिले बांधकामाचा दर. समजा कार्पेट ६० चौरस मीटर आणि बांधकामाचा दर चौरस मीटरला २८,००० रुपये. झाले १६ लाख ८० हजार. ९० लाखांवर हप्ता कशाला भरायचा? आता याचे २० टक्के काढा. ३ लाख ३६ हजारांचं सामान आपोआप आत. आमच्या यादीतल्या ५ लाख ८० हजारांना २ लाख ४४ हजार कमी पडतात, तेवढेच वाढवून घ्यायचे. हिशेब एवढा सोपा आहे.

३. सोसायटीला विचारा. महाराष्ट्रातल्या सहकारी सोसायट्यांच्या आदर्श उपविधींमध्ये इमारतीचा आग आणि भूकंपासाठी विमा काढायला सांगितलंय. तुमच्या सोसायटीनं काढलाय का, आणि तो किती रकमेचा आहे, हे सेक्रेटरींना विचारायला लाजू नका. मेंटेनन्समधून पैसे तुमचेच जातात. तो विमा पुरेसा असेल तर तुम्ही फक्त सामानाकडे बघा. तिथेही मैत्रिणीसारखी गल्लत नको, सोसायटीचा विमा तुमच्या सोफ्याचा नसतो.

४. तीन कोटेशन घ्याच. २००६ संपेपर्यंत आगीच्या विम्याचे दर सगळ्या कंपन्यांना एकच असायचे, वरून ठरवून दिलेले. १ जानेवारी २००७ पासून ते बंधन उठलं आणि प्रत्येक कंपनी आपला दर स्वतः ठरवायला लागली. पण गंमत बघा, आपण अजूनही बँकेतला माणूस सांगेल त्यावर सही करतो. ‘भारत गृह रक्षा’चा मूळ मजकूर सगळीकडे सारखाच असल्यानं तुलना करणं तर आता मोबाइल रिचार्जइतकं सोपं झालंय. फक्त तिन्ही ठिकाणी विमा रक्कम तीच टाका, जोडलेली कव्हरं तीच ठेवा आणि मुदतही तीच. नाहीतर आंबा आणि फणसाची तुलना व्हायची. आणि हो, कोटेशनमध्ये जीएसटी धरलाय का ते बघा. २२ सप्टेंबर २०२५ पासून व्यक्तिगत आयुर्विमा आणि आरोग्यविम्यावरचा जीएसटी गेला, पण घराच्या विम्यावरचा १८ टक्के तसाच आहे. हजाराचा हप्ता शेवटी ११८० चा होतो.

५. घर स्वतःचं असेल तर मुदत लांब घ्या. ही पॉलिसी एकदम दहा वर्षांपर्यंतही घेता येते. लांब मुदतीला बहुतेक कंपन्या सूट देतात आणि दर वर्षी आठवण ठेवायची कटकट वाचते. एक वर्षापेक्षा जास्त मुदतीच्या पॉलिसीत इमारतीची विमा रक्कम दर वर्षी आपोआप १० टक्क्यांनी वाढत जाते, तीही जास्तीचा हप्ता न घेता. भाडेकरूंनी मात्र एकेका वर्षाचीच घ्यावी. अकरा महिन्यांच्या करारावर राहायचं आणि विमा दहा वर्षांचा, याला काही अर्थ नाही.

६. छोटं नुकसान स्वतः सोसा. काही पॉलिसींमध्ये ‘पहिले अमुक हजार माझे’ असं ठरवता येतं. त्याला डिडक्टिबल म्हणतात. मिक्सर जळला म्हणून विमा कंपनीच्या मागे लागायला तुम्हाला तरी वेळ आहे का? विमा मोठ्या फटक्यासाठी असतो. पहिले पाच-दहा हजार आपण सोसायची तयारी दाखवली तर हप्ता कमी होतो.

७. नको ती झालर काढून टाका. पॅकेज पॉलिसी घेताना एजंट एकेक कव्हर जोडत जातो. काच फुटणं, उपकरण बिघडणं, बॅग हरवणं. ज्या वॉशिंग मशीनवर तुम्ही आधीच तीन वर्षांची एक्स्टेंडेड वॉरंटी घेतली आहे, त्याच्याच बिघाडाचा विमा पुन्हा कशाला? प्रत्येक ओळीपुढे स्वतःला विचारा, हे झालं तर माझं बजेट कोलमडेल का? नसेल कोलमडणार, तर काट मारा.

जिथे पैसे वाचवू नयेत

सगळ्यात महागात पडणारी बचत म्हणजे रक्कम कमी दाखवणं. जुन्या पद्धतीच्या पॉलिसींमध्ये याची शिक्षाच आहे. समजा सामान सहा लाखांचं आणि विमा घेतला तीन लाखांचा. नुकसान झालं एक लाखाचं. तुम्हाला वाटेल, तीन लाखांच्या आत आहे, पूर्ण मिळेल. नाही मिळणार! तुम्ही निम्माच विमा घेतला, तर भरपाईही निम्मीच, पन्नास हजार. ‘भारत गृह रक्षा’त ही कापाकापी बंद केली आहे, विमा रकमेच्या मर्यादेत नुकसान पूर्ण मिळतं. पण घरफोडीचं जोडकव्हर किंवा वेगळी पॅकेज पॉलिसी घेत असाल तर तिथे हा नियम आहे का, ते वाचूनच सही करा.

दुसरी गोष्ट घरफोडीची. भाबडेपणानं अनेकांना वाटतं की घराचा विमा म्हणजे चोरीचाही विमा. ‘भारत गृह रक्षा’त साधी घरफोडी येत नाही. ती वेगळी जोडून घ्यावी लागते. आणि घरफोडी म्हणजे कडी तोडून, कुलूप फोडून, खिडकी उचकटून केलेली. २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही एका प्रकरणात हेच सांगितलं, की पॉलिसीत घरफोडीची व्याख्या बळजबरीच्या प्रवेशाची असेल, तर नुसती चोरी झाली म्हणून भरपाई मिळत नाही. म्हणजे दार उघडं ठेवून खाली कुरिअर घ्यायला गेलात आणि कुणी लॅपटॉप उचलला, तर तो विम्यात बसेलच असं नाही. घरात कामाला येणाऱ्या कुणी काही नेलं तर? त्याचंही कव्हर काही कंपन्या वेगळं देतात. विचारा. तसंच घर सलग बरेच दिवस बंद राहणार असेल, ऑनसाइटला किंवा बाळंतपणाला माहेरी जाणार असाल, तर पॉलिसीत त्याबद्दलची अट काय आहे ते आधी बघा आणि कंपनीला कळवा.

‘हे माहीतच नव्हतं’ची यादी

क्लेमच्या वेळी तोंडचं पाणी पळवणाऱ्या काही ओळी आत्ताच वाचून घ्या. रोख रक्कम, कागदपत्रं, शेअर सर्टिफिकेट, सोन्याची बिस्किटं, सुटे हिरे आणि गाड्या ‘भारत गृह रक्षा’त येत नाहीत. पावसाळ्यात भिंतीला आलेली ओल आणि तिच्यामुळे कपाटाला आलेली बुरशी यांचेही पैसे मिळत नाहीत. अचानक घडलेली घटना वेगळी, हळूहळू होणारी झीज वेगळी.

शॉर्टसर्किटचा नियम तर नीट समजून घ्या. एसीमध्ये शॉर्टसर्किट झालं आणि एसीच जळाला, तर त्या एसीचे पैसे नाहीत. पण त्यातून ठिणगी पडून पडदा पेटला, सोफा पेटला, तर पडदा आणि सोफ्याचे पैसे मिळतात. ज्या वस्तूतून सुरुवात झाली, ती तेवढी बाहेर.

सोनं कुठे ठेवायचं?

दागिने हे ‘मौल्यवान सामान’ या वेगळ्या खान्यात येतात आणि ते वेगळं मागून घ्यावं लागतं. एकूण पाच लाखांपर्यंतची रक्कम असेल आणि कुठलाही एक दागिना एक लाखाच्या वर नसेल, तर मूल्यांकनाचं प्रमाणपत्र मागत नाहीत. पण आजच्या भावात एक बरं मंगळसूत्र त्यापुढे जातं! मग सोनाराकडून प्रमाणपत्र करून घ्या. आणि दागिन्यांना घरफोडीचंही कव्हर हवं, नाहीतर नुसत्या आगीच्या विम्याचा उपयोग काय?

हप्ता वाचवायचा सरळ मार्ग म्हणजे रोज न वापरायचं सोनं लॉकरमध्ये आणि घरात राहील तेवढ्याचाच विमा. पण लॉकर म्हणजे विमा नव्हे. रिझर्व्ह बँकेच्या १ जानेवारी २०२२ पासूनच्या नियमांनुसार बँकेत आग लागली, चोरी-दरोडा पडला, इमारत कोसळली किंवा कर्मचाऱ्यानं अफरातफर केली, तर बँकेची जबाबदारी वार्षिक भाड्याच्या शंभर पटीपर्यंत असते. भाडं तीन हजार असेल तर तीन लाख. तुमच्या लॉकरमध्ये पंधरा लाखांचं सोनं असलं तरी तीनच लाख. शिवाय पूर-भूकंपासारख्या नैसर्गिक आपत्तीत तीही जबाबदारी बँकेवर नाही, बँकेनं स्वतः हलगर्जी केली नसेल तर. तेव्हा आईची पाटली आणि आजीचा चपलाहार नुसत्या किल्लीच्या भरवशावर सोडू नका. लॉकरमधल्या दागिन्यांचा विमाही काही कंपन्या देतात, त्याचंही कोटेशन मागवा.

वेळ आलीच तर

देव करो आणि न येवो. पण आलीच, तर क्रम असा. आधी माणसं सुरक्षित, वीज बंद. मग कंपनीच्या हेल्पलाइनला फोन आणि तक्रार क्रमांक लिहून घ्या. काहीही फेकायच्या आधी फोटो आणि व्हिडिओ काढा, फ्रिजच्या मागच्या मॉडेल नंबरचासुद्धा. कंपनीचा सर्व्हेअर येऊन बघून जाईपर्यंत भंगारवाल्याला बोलावू नका. घरफोडी असेल तर पोलिसांत एफआयआर. पूर असेल तर सरकारी पंचनाम्यात आपलं घर आलंय ना ते बघा आणि त्याची प्रत ठेवा.

बिलं हवीत, पण ती पुरात वाहून जाणाऱ्या फाइलमध्ये नकोत. ऑनलाइन खरेदीची बिलं ईमेलमध्ये असतातच. बाकीच्यांचे फोटो काढून स्वतःलाच मेल करा. बिल नसेल तर कार्डाचं किंवा यूपीआयचं स्टेटमेंट, वॉरंटी कार्ड, घरातल्या वाढदिवसाच्या फोटोत मागे दिसणारा टीव्ही, जे असेल ते जपून ठेवा.

कंपनीनं दावा नाकारला, किंवा महिनाभर उत्तरच दिलं नाही, तर विमा लोकपालाकडे जाता येतं. त्यांची कार्यालयं मुंबईतही आहेत आणि पुण्यातही. फी नाही, वकील नाही. फक्त कंपनीच्या अंतिम उत्तरानंतर एका वर्षाच्या आत जायला हवं.

घर बदललं की पत्ता बदला

भाडेकरूंसाठी एक शेवटची गोष्ट. विमा सामानाचा असला तरी तो पॉलिसीवर लिहिलेल्या पत्त्यावरच्या सामानाचा असतो. घर बदललं की टेम्पो ठरवायच्या यादीत ‘विमा कंपनीला कळवणं’ हेही लिहा. कंपनी पत्ता बदलून देते. नाहीच जमलं, तर २०२४ च्या नियमांनुसार ग्राहकाला कारण न सांगता पॉलिसी रद्द करता येते. एक वर्षाची पॉलिसी असेल आणि क्लेम केलेला नसेल, तर उरलेल्या काळाचा हप्ता परत मिळतो.

त्या दोघांनी आता घर बदललंय. यावेळी तिसरा मजला. नवा फ्रिज आलाय, साधा, एका दाराचा, रोख पैसे देऊन घेतलेला. सामानाचा सहा लाखांचा विमा काढलाय, घरफोडीच्या कव्हरसकट. नवरा अजून म्हणतो, ‘तिसऱ्या मजल्यावर कशाला हवा होता?’ मैत्रिणीला मी विचारलं, ‘किती पडला गं हप्ता?’

ती म्हणाली, ‘वर्षाचा हप्ता त्या फ्रिजच्या एका महिन्याच्या ईएमआयपेक्षा कमी.’

तर मंडळी, या रविवारी होमवर्क. चहा घ्या, वही घ्या आणि घराच्या दारापासून सुरुवात करा. प्रत्येक खोलीचा मोबाइलवर व्हिडिओ काढा, कपाटं उघडून. प्रत्येक वस्तूपुढे आजची किंमत लिहा. बेरीज बघून दचकलात, तर सोमवारी तीन कोटेशन मागवा. आणि भाड्यानं राहत असाल, तर घरमालकांना एक फोन नक्की करा, ‘काका, तुमच्या विम्यात नक्की काय काय आहे हो?’ उत्तर ऐकून कदाचित ते काकाही आपली पॉलिसी पहिल्यांदाच उघडून वाचतील.